स्पर्धेसाठी ड्रेस शिवताना : परीक्षक आधी तो उलटा करतात

एका शिवण-स्पर्धेत परीक्षकांच्या टेबलाशी मदतनीस म्हणून दिवसभर उभी होते. आलेला ड्रेस हँगरवरून काढून त्यांच्या हातात द्यायचा आणि झाल्यावर परत टांगायचा, एवढंच काम. पण त्या एका दिवसात जे कळलं ते आधीच्या तीन स्पर्धांत भाग घेऊनही कळलं नव्हतं. ड्रेस समोर धरून बघायला त्या जेमतेम दहा सेकंद घेत. मग तो उलटा व्हायचा. चेनच्या खालच्या टोकाशी काय झालंय, काखेत चार शिवणी जिथे एकत्र येतात तिथे किती गठ्ठा झालाय, अस्तर कुठे ओढतंय का, हेमचे (खालच्या दुमडलेल्या कडेचे) टाके... उरलेला सगळा वेळ आतल्या बाजूवर जायचा.

म्हणून घरच्या वापराचा कपडा आणि स्पर्धेचा कपडा शिवण्यात मूळ फरक हा, की इथे आतली बाजूही सुलट बाजूच धरायची. खालचं सगळं त्या हिशेबाने लिहिलंय. मशीन चालवता येतं, एखाददुसरा फ्रॉक किंवा शर्ट शिवून झालाय, असं गृहीत धरते.

नियम आधी, कापड नंतर

नियमावली पेन्सिल घेऊन वाचा. कपडा अंगावर घालून दाखवायचा आहे, पुतळ्यावर चढवणार आहेत, की हँगरवर टांगणार आहेत? या एका उत्तरावर अर्धे निर्णय ठरतात. हँगरवर टांगलेल्या कपड्याचं फिटिंग कुणालाच दिसत नाही, तिथे शिवणीची सफाई आणि कापडाची निवड बोलते. पुतळा असेल तर त्याची मापं आयोजकांना विचारून घ्या, नाहीतर तुमच्या मापाचा नेमका बसणारा ड्रेस पुतळ्यावर पोत्यासारखा लोंबेल. तयार पेपर पॅटर्न चालतो का, ओव्हरलॉक (मशीनने कडा गुंफून बंद करणं) चालतं का, कपडा आधी वापरलेला वा धुतलेला चालतो का, कापडाचा तुकडा अर्जाला जोडायचाय का, हेही बघून ठेवा. विभाग चुकल्यामुळे बाद झालेले कपडे मी पाहिलेत, आणि त्यातला एक फार सुंदर होता.

मग कॅलेंडर घ्या आणि उलट मोजा. द्यायच्या तारखेच्या आधीचा आठवडा कोरा सोडा. तो हेम, बटणं आणि इस्त्रीसाठी. त्याआधीचे तीन आठवडे प्रत्यक्ष शिवायला, त्याआधीचे दोन कच्च्या ड्रेसला (स्वस्त कापडाच्या चाचणीच्या ड्रेसला), आणि सुरुवातीचे दोन कापड शोधून धुवायला. आठ आठवडे झाले. नोकरी-घर सांभाळून शिवणाऱ्याला यात फार ऐसपैस जागा नाही.

काय शिवायचं

पहिल्यांदा भाग घेणारी जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करते : येतं ते सगळं एकाच कपड्यात घालते. झालर, प्लीट्स, कॉलर, लेस, पायपिन आणि वर भरतकामही. परीक्षकांना प्रत्येक जास्तीची गोष्ट म्हणजे चूक सापडण्याची आणखी एक जागा. माझा नियम असा, की हातखंडा असलेल्या दोन गोष्टी आणि नवीन शिकलेली एक. उदाहरण म्हणून इथे मी एक ड्रेस धरते : कमरेत जोड, पूर्ण बाही, पाठीत लपती चेन, आत अस्तर, खाली थोडा घेर. दिसायला साधा. पण मुंढ्यात (बाही जोडायच्या गोल भागात) बसवलेली बाही, कमरेच्या जोडावरून जाणारी चेन आणि अस्तर, या तिन्ही जागी शिवणारीचा हात कळतो.

कापडाच्या बाबतीत मी सावध आहे. मध्यम वजनाचं सुती, लिनन, सुती-लोकरी मिश्रण, किंवा साधं लोकरी कापड शिवणारीला साथ देतं. ते इस्त्रीला वळतं, सुई टोचलेल्या खुणा मिटतात, उसवून परत शिवता येतं. सॅटिन एकदा टोचलं की भोक कायमचं. शिफॉन कात्रीखाली सरकतं. मखमलीला लव असते, ती एका दिशेने बसते, म्हणून सगळे भाग एकाच दिशेने बेतावे लागतात आणि कापड जास्त लागतं. हे कधी शिवूच नये असं नाही, पण त्याच कापडावर आधी दोन कपडे झालेले असावेत.

पाव मीटर आधी आणून त्याचा छळ करा. मुठीत दहा सेकंद आवळून सोडा, सुरकुत्या किती राहतात बघा. एक टीप घाला आणि उसवा. ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री ठेवा. कापडात काय आहे याची शंका असेल तर चार धागे काढून चिमट्यात धरून जाळा (खाली पाण्याची बशी ठेवून). सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख सोडतो. लोकर आणि रेशीम जळक्या केसांसारखे वास मारतात. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. हे कळलं की इस्त्री किती तापवायची आणि बाहीत किती जास्तीचं कापड जिरवता येईल, दोन्ही कळतं.

धुणं आणि धागा सरळ करणं

बेतायच्या आधी कापड धुवायचं, आणि पुढे तयार ड्रेस जसा धुतला जाणार तसंच. किती आटतं ते बघायचं असेल तर तुकड्यावर बरोबर 20 सेंमीचा चौकोन धाग्याने आखा, धुवा, वाळवा, परत मोजा. 19.2 भरला तर कापड 4 टक्के आटलं. म्हणजे न धुता शिवलेला 100 सेंमी लांबीचा ड्रेस पहिल्याच धुण्यात 4 सेंमी वर चढला असता. अस्तर, सुती कॅनव्हास, लेस आणि सुती टेपही धुवून घ्या. ड्रेसचं कापड धुतलेलं आणि अस्तर कोरं, असं झालं की पुढे अस्तर आटून ड्रेसला आतून ओढतं. लोकरी कापड मात्र पाण्यात बुडवू नका, भरपूर वाफ द्या आणि सपाट पसरून वाळू द्या.

धुतल्यावर आडवा धागा सरळ करायचा. कापलेल्या टोकाजवळ एक आडवा धागा ओढून काढा, जी रेघ दिसेल तिच्यावर कापा. मग कापड दुमडून बघा, कोपरे जुळत नसतील तर विरुद्ध कोपऱ्यांतून तिरकं ओढून जुळवा. हा अर्धा तास वाचवला की स्कर्टची एक बाजू पायाभोवती वळते, आणि नंतर काहीही केलं तरी सरळ होत नाही.

कच्चा ड्रेस : सगळं फिटिंग इथेच

खरं कापड कापण्याआधी स्वस्तातल्या सुती कापडाचा, जुन्या चादरीचाही चालेल, कच्चा ड्रेस शिवा. अस्तर नको, हेम नको, मोठा टाका, 4 ते 5 मिमीचा. कापड जाडी आणि घोळात खऱ्या कापडाच्या जवळपासचं असावं. उभ्या धाग्याची रेघ, छातीची, कमरेची आणि नितंबाची आडवी रेघ पेनाने त्यावरच काढून ठेवा. अंगावर या रेघा जमिनीशी समांतर राहतात का, ही पहिली तपासणी.

दुसरी तपासणी सुरकुत्यांची. सुरकुती उगाच पडत नाही, ती अडचणीकडे बोट दाखवते. छातीच्या टोकाकडे ताणलेल्या रेघा येत असतील तर तिथे कापड कमी पडतंय, बाजूची शिवण सैल करून ते सुटणार नाही, छातीवरच लांबी-रुंदी वाढवावी लागेल. मानेजवळून काखेकडे तिरक्या सैल घड्या पडत असतील तर खांदे उतरते आहेत. खांद्याची शिवण टोकाशी चिमटीत धरून खाली घ्या, आणि जेवढी घेतली तेवढाच मुंढाही खाली उतरवा, नाहीतर काख कापेल. याउलट खांद्याच्या टोकांतून गळ्याकडे ताण येत असेल तर खांदे चौकोनी आहेत, टोकाशी उंची द्या. पाठीत कमरेच्या वर आडवी घडी बसते ती पाठ आत वळलेली असल्यामुळे. ती घडी टाचणीने आडवी चिमटा, मध्यावर पूर्ण आणि बाजूच्या शिवणीकडे निमुळती करत शून्यावर आणा, आणि तेवढं पॅटर्नमधून काढा.

मग बसा. हात पुढे करा. दोन्ही हात वर करा. एक जिना चढा-उतरा. छातीवर अंगमापापेक्षा साधारण 5 ते 8 सेंमीचा सैलपणा न ताणणाऱ्या कापडाच्या नेटक्या ड्रेसला पुरतो, पण पुस्तकी आकड्यापेक्षा या चार हालचाली जास्त खरं सांगतात. माझ्या पहिल्या स्पर्धेत मॉडेल म्हणून भाचीला उभं केलं होतं. तिचं फिटिंग मी फक्त उभं राहून घेतलं, आणि परीक्षकांसमोर ती खुर्चीवर बसल्याबरोबर पाठीतली शिवण करकरली. फाटली नाही, पण आवाज सगळ्यांनी ऐकला.

दुरुस्त्या झाल्या की कच्चा ड्रेस उसवा, त्याचे तुकडे सपाट इस्त्री करून त्यांवरूनच अंतिम पॅटर्न काढा. जुन्या कागदावर "इथे अर्धा सेंमी कमी" अशा चिठ्ठ्या लिहून काम भागवू नका, बेतताना त्यांतली एखादी विसरतेच.

बेतणं

चौकटी किंवा पट्टे असतील तर कापड दुहेरी दुमडून कापू नका. एकेक भाग एकेरी थरावर, पहिला कापलेला भाग उलटा ठेवून त्याच्या रेघांशी रेघा जुळवत दुसरा कापा. जुळवायचं ते शिवणीच्या रेघेवर. कापलेल्या काठावर जुळवलेल्या चौकटी माया (शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड) आत गेली की एकमेकींना चुकवतात. सगळीकडे चौकटी जुळणं शक्यच नसतं. समोरचा मध्य, बाजूच्या शिवणी, आणि बाही-मुंढ्याच्या पुढच्या खुणेजवळ एवढं जुळलं तरी डोळ्याला पुरतं.

माया 1.5 सेंमी सगळीकडे सारखी ठेवा. खुणांसाठी पेन वा पेन्सिल नको. टक्सची (गोलाईसाठी शिवून घेतलेल्या निमुळत्या घड्यांची) टोकं आणि बाहीच्या खुणा वेगळ्या रंगाच्या सुती धाग्याच्या सैल टाक्यांनी घाला. खडू वापरायचाच असेल तर तुकड्यावर ओढून, इस्त्री फिरवून, तो जातो का ते बघा. काही मेणखडू इस्त्रीने तेलकट डाग होऊन बसतात.

नमुन्याची वही

आता मशीनशी बसा, पण ड्रेस बाजूला ठेवून. सुई नवी लावा. पातळ कापडाला 60/8 किंवा 70/10, मध्यमाला 80/12, जाडाला 90/14 ते 100/16. विणलेल्या ताणत्या कापडाला गोल टोकाची सुई. सुई कापडात शिरताना टकटक आवाज करत असेल तर ती बोथट आहे. टाका साधारण 2.5 मिमी, तलम कापडाला 2. उरलेल्या तुकड्यांवर, शिवणीत जितके थर येणार तितकेच थर घेऊन, टीप घालून वरच्या-खालच्या धाग्याचा ताण जुळवा. टक्स, काज, चेन, हेम या प्रत्येकाचा एकेक नमुना करून वहीला टाचा आणि शेजारी आकडे लिहा. तीन आठवड्यांनी बाही लावताना "त्या दिवशी ताण कितीवर होता?" हा प्रश्न पडत नाही.

शिवण

गळा आणि इतर तिरप्या कडा कापल्या कापल्या ताणायला लागतात. म्हणून सगळ्यात आधी, शिवणीच्या रेघेपासून दोन मिमी बाहेर, मायेत, एक साधी टीप फिरवून त्या बांधून टाका. दोन्ही खांद्यांकडून मध्याकडे, एकाच दिशेत नाही.

टक्स रुंद बाजूने सुरू करून टोकाकडे जायचे. शेवटचे तीन-चार टाके अगदी घडीच्या कडेला लागून, आणि टोकाशी मागेपुढे टीप न मारता धागे मोकळे सोडून हाताने गाठ. मागेपुढे मारलं की टोकाला गाठोडं होतं आणि छातीवर भोवरा उमटतो. उभे टक्स मध्याकडे, आडवे खाली, असे इस्त्रीने बसवा. तेही सपाट पाटावर न ठेवता घट्ट गुंडाळलेल्या टॉवेलवर, कारण टक्स गोलाई देण्यासाठी घातलाय आणि सपाट इस्त्रीने ती परत चपटी होते.

शिवणींच्या कडा कशा बंद करायच्या हे कापड ठरवतं. पातळ सुती वा रेशमाला फ्रेंच शिवण : उलट बाजू आत ठेवून, म्हणजे सुलट बाजू बाहेर, काठापासून 7 मिमीवर पहिली टीप, माया 3 मिमीपर्यंत कापायची, उलटवून धारेवर इस्त्री, मग 8 मिमीवर दुसरी टीप. 7 आणि 8 मिळून 1.5 सेंमी, हिशेब जुळला. आत एकही धागा उघडा राहत नाही. पण हे सरळ वा जवळजवळ सरळ शिवणींनाच. जाड कापडाची माया उघडून प्रत्येक कडेला अस्तराच्या कापडाची उरेब (तिरप्या धाग्यावर कापलेली) पट्टी बांधली की आतली बाजू दाखवण्यासारखी होते. ओव्हरलॉक चालत असेल तर चालतं, तो दोष नव्हे. फक्त नमुना करून बघा, इस्त्रीनंतर त्याची रेघ सुलट बाजूला उमटत नाही ना.

गळ्याची आतली पट्टी लावल्यावर मायेचे थर एकाच रुंदीचे ठेवू नका. ड्रेसच्या बाजूचा 8 मिमी, पट्टीचा 5 मिमी, म्हणजे बाहेर पायरी उमटत नाही. गोलाईला छोटे छेद द्या. मग माया पट्टीकडे वळवून पट्टीवरच, शिवणीपासून 2 मिमीवर, एक टीप. ही टीप बाहेरून दिसत नाही, पण तिच्यामुळे पट्टी कधीच गळ्याबाहेर डोकावत नाही.

कमरेच्या जोडावर चेन

लपत्या चेनमध्ये सगळ्यात जास्त गुण जातात ते इथे : चेन बंद केल्यावर कमरेचा जोड एका बाजूला दोन मिमी वर. तो टाळायची रीत अशी. चेन उघडा, दाते उलट बाजूने मंद इस्त्रीने उघडून सपाट करा (प्लॅस्टिकचे आहेत, गरम इस्त्री नको). चेन जिथे बसणार ती पाठीची शिवण खाली अजून शिवलेली नसावी, आणि त्या कडांना मऊ चिकट पट्टी लावलेली असावी, म्हणजे त्या लाटा खाणार नाहीत. एक बाजू कच्च्या (हाताच्या, तात्पुरत्या) टाक्याने आणि मग चेनच्या फुटाने शिवा. आता चेन बंद करा. न शिवलेल्या टेपवर, शिवलेल्या बाजूचा कमरेचा जोड ज्या ठिकाणी येतो तिथे खूण करा. गळ्याच्या रेघेशी दुसरी खूण. चेन उघडा, दुसऱ्या बाजूचा जोड त्या खुणेवर आणून आधी तेवढेच दोन सेंमी हाताने टाका. बंद करून बघा. जुळलं? मग गळ्याची खूण जुळवून मधला सगळा भाग कच्चा टाका, आणि मशीनखाली घाला. नाही जुळलं तर उसवायला दोनच सेंमी आहेत.

कमरेच्या जोडापाशी चार थर येतात, तिथे फूट अडकतं आणि टाका आखडतो. तेवढी माया आधीच टेपखालून कापून हलकी करा. खालच्या टोकाला शेवटचे 2 सेंमी मोकळे सोडा, शिवण साध्या चेनच्या फुटाने खालून वर चढवत चेनच्या टिपेला मिळवा. मी घाईत हे टोक मशीनवरच कसंबसं मिळवायचे, आणि तिथे हमखास एक छोटा फुगा राहायचा. आता तिथले पाच-सहा टाके हातानेच घालते.

बाही

बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा मोठा असतो. खांद्याच्या हाडावरून जायला जागा हवी म्हणून. हा जास्तीचा भाग 2 ते 4 सेंमी असतो आणि तो एकही चुणी न दिसता जिरवायचा, ही खरी परीक्षा.

पुढच्या आणि मागच्या खुणेच्या मध्ये, शिवणीच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना, 4 मिमी टाक्याच्या दोन समांतर टिपा घाला. खालचे धागे ओढून गोल मुंढ्याच्या मापाचा करा. आता बाही मुंढ्याला न लावता गुंडाळलेल्या टॉवेलवर टोपीसारखी घाला आणि इस्त्री एक सेंमी वर धरून वाफ सोडा. फक्त मायेच्या भागावर. बोटांनी दाबत राहा. सुती आणि लोकरी कापडात चुण्या डोळ्यांदेखत विरतात, गोल वाटीसारखा उभा राहतो. पॉलिएस्टरमध्ये हे होत नाही, ते आटतच नाही. तिथे पॅटर्नमध्येच गोल कमी करून जास्तीचा भाग दीड सेंमीपर्यंत आणावा लागतो.

मग बाही मुंढ्यात हाताने टाकून घ्या, टाचण्यांवर भिस्त नको. अंगावर घालून हात खाली सोडा. बाहीचा उभा धागा दंडावर लंबात पडला पाहिजे. पुढे झुकला किंवा मागे, तर बाही किंचित फिरवा. हात नैसर्गिकपणे थोडा पुढे असतो, आणि प्रत्येकीचा वेगवेगळा, म्हणून खुणांशी जुळतंय तेवढ्यावर समाधान मानू नका. टीप घालताना बाही वर ठेवा, चुण्या डोळ्यांसमोर राहतात. काखेतली माया दुसऱ्या टिपेने बांधून 8 मिमीपर्यंत कापा. वरची कापू नका, तिच्यावर बाही उभी असते.

इस्त्री

शिवण घातली की इस्त्री, आडवी शिवण ओलांडायच्या आधी. दरवेळी. इस्त्री फिरवायची नाही : ठेवायची, वाफ द्यायची, उचलायची. आधी शिवण जशी शिवली तशी मिटलेली दाबा, मग उघडा. उघडल्यावर वर लाकडाचा गुळगुळीत ठोकळा धरून थंड होईस्तोवर दाबलं की जाड कापडही सुरीसारखं बसतं. सुलट बाजूला नेहमी सुती फडकं मध्ये. माझ्या गडद निळ्या लोकरी ड्रेसच्या पुढच्या भागावर फडक्याशिवाय फक्त एकदा इस्त्री टेकली, आणि खिशाचा चौकोन चकाकत बाहेर आला. मायेखाली कागदाच्या पट्ट्या सरकवल्या असत्या तर तोही टळला असता.

अस्तर, आणि हेमची घाई

अस्तर ड्रेसपेक्षा घट्ट नसावं. पाठीच्या मध्यावर त्यात 2 सेंमीची एक घडी ठेवा, हात पुढे घेताना ती उघडते. खाली अस्तर ड्रेसपेक्षा 2 ते 3 सेंमी आखूड आणि मोकळं.

आता ड्रेस टांगा आणि विसरा. साध्या कापडाला एक दिवस. घेर तिरप्या धाग्यावर असेल तर दोन दिवस तरी. तिरप्या कापडाचं वजन त्यालाच खाली ओढतं आणि घेराचे फक्त तिरपे भाग लांबतात. 1920च्या दशकात पॅरिसमध्ये मादलेन व्हियोने हिने उरेब कापडाचे ड्रेस घडवून नाव कमावलं. कल्पना ती आधी छोट्या लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून तपासायची. घरी बाहुलीऐवजी हँगर आणि धीर एवढं पुरतं. माझ्याकडे एका वर्षी धीर नव्हता. शिवलं त्याच रात्री हेम घातलं, आणि दोन दिवसांनी स्पर्धेत स्कर्टची डावी-उजवी बाजू समोरपेक्षा तीन सेंमी खाली होती. परीक्षकांच्या शेऱ्यात दोनच शब्द होते : "हेम असमान".

हेमची खूण कमरेपासून मोजू नका. घालणारीला घालायच्याच चपला घालून उभं करा, आणि जमिनीपासून पट्टी धरून तिच्याभोवती तुम्ही फिरा. ती फिरली की उंची हलते. सरळ स्कर्टला 4 ते 5 सेंमी हेम शोभतं, घेरदाराला 1 ते 1.5 सेंमी, कारण रुंद हेम घेरावर चुण्या खातं. हाताने घालताना धागा एकेरी आणि आखूड, साधारण 45 सेंमी, म्हणजे पीळ बसत नाही. सुलट बाजूचा फक्त एक धागा उचलायचा, आणि ओढायचा नाही. टाका इतका सैल, की हेम चिमटीत हलवलं तर किंचित हलेल. घट्ट टाक्यांचे बाहेर खड्डे पडतात.

बटणं असतील तर काजाची लांबी म्हणजे बटणाचा व्यास अधिक जाडी. एक बटण छातीच्या सगळ्यात भरल्या जागी आलंच पाहिजे, बाकीची त्याच्या हिशेबाने. बटण टाकताना खाली काडीपेटीची काडी धरा, नंतर काढून धाग्याची मान गुंडाळा.

शेवटचे दोन दिवस

ड्रेस उलटा करून खिडकीशी उजेडात धरा. धाग्यांची टोकं आत ओवून गाठ मारून कापा. कच्चे टाके काढा, उभ्या धाग्याच्या खुणेच्या रंगीत टाक्यांतला हमखास एखादा राहतो. टाचण्या शोधायला ड्रेसवरून लोहचुंबक फिरवा, परीक्षकाच्या बोटाला टाचणी लागलेली मी पाहिली आहे आणि त्या नंतर जरा गप्प झाल्या. स्वयंपाकघराचा वास, मांजराचे केस, खडू. कुठला पॅटर्न वापरला, कुठे बदलला हे कार्डावर खरंखरं लिहा. पॅटर्न बदलण्यात कसब आहे, ते लपवून काही मिळत नाही.

नेताना घडी नको. गादीचा हँगर, बाह्यांत मऊ पांढरा कागद, वर सुती पिशवी, कारण प्लॅस्टिकमध्ये वाफ धरते. स्पर्धकाचा क्रमांक टाचणीने सुलट बाजूला लावू नका, आतल्या मायेला दोऱ्याने बांधा. आणि पर्समध्ये ड्रेसच्या रंगाचा धागा आधीच ओवून ठेवलेल्या दोन सुया, छोटी कात्री, एक जास्तीचं बटण. तिथे पोहोचल्यावर हात थरथरत असतात, तेव्हा सुई ओवली जात नाही.